ग्रीष्मातील ऊन व त्वचेचे रक्षण

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



यंदाच्या संमेलनात एखाद्या उपयुक्त विषयावर चार शब्द बोलावे, अशी मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली. ती शिरसावंद्य मानून आम्ही आपणापुढे उभे आहोत. आमचा अधिकार तो किती? आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले व पुढे जन्मभर प्राथमिक शाळेत खडू झिजविलेले एक सेवानिवृत्त शिक्षक आहोत. वैद्यकशास्त्राचे अध्ययन आम्ही केलेले नाही. परंतु न समजलेली गोष्ट जाणत्याकडून समजून घ्यावी व समजलेली सोप्या भाषेत दुसऱ्यास सांगावी, एवढा धंदा मात्र आम्ही सदतीस वर्षे केला. या विषयासंबंधी मिळेल ते वाचून व ज्ञातीतील डॉक्टर मंडळींस वारंवार त्रास देऊन जे पदरी पडले, तेवढेच आज सांगणार आहोत.

विषय साधा आहे. उन्हाळ्यात कातडीचे रक्षण कसे करावे? आपल्यापैकी काहींस वाटेल, हा तर शहरी मुलींचा नटण्यामुरडण्याचा विषय; साठी उलटलेल्या मास्तरास त्याचे काय? हा विषय आम्ही का निवडला त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की आपण वैदर्भीय माणसे वर्षातील तीन-चार महिने अक्षरशः भट्टीत काढतो, तरी त्या भट्टीचे शास्त्र आपणांस ठाऊक नसते. दुसरे कारण आमच्या घरातले आहे. ते शेवटी सांगू.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ऊन लागणे ही एक गोष्ट व उन्हाने कातडी करपणे ही निराळी गोष्ट. ऊन लागते ते उष्णतेने. त्यासाठी पन्हे, ताक व मीठसाखरेचे पाणी घ्यावे, भरपूर पाणी प्यावे, दुपारी सावली धरावी, हे आपल्या आजीबाईंनी आपणांस शिकविलेच आहे. परंतु कातडी करपते ती उष्णतेने नव्हे, तर सूर्यप्रकाशातील न दिसणाऱ्या किरणांनी. इंद्रधनुष्यातील सात रंग आपण शाळेत पाठ केले. त्या तांबड्याच्या पलीकडे काही आहे काय, हे हर्शेल नावाच्या ज्योतिर्विदाने १८०० साली उष्णतामापक ठेवून पाहिले, तो त्यास अदृश्य उष्णकिरण सापडले. पुढच्याच वर्षी, १८०१ साली, रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने जांभळ्याच्या पलीकडे चांदीचा क्षार लावलेला कागद धरला, तो तो कागद दिसत्या प्रकाशापेक्षाही लवकर काळा पडला. हेच ते जंबुपार अथवा अतिनील किरण. ते डोळ्यांस दिसत नाहीत व अंगास ऊनही लागत नाहीत. म्हणूनच ते फसवे आहेत.

या किरणांचे तीन प्रकार मानतात व त्यांस इंग्रजी आद्याक्षरांवरून ए, बी व सी अशी नावे आहेत. पैकी सी किरण वातावरणातील ओझोन वायूचा थर वरच्या वर गिळून टाकतो. बी किरणांचाही बराच भाग तेथेच अडतो. जो खाली येतो तो कातडीच्या वरच्या थरास भाजतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या जंबुपार किरणांत शेकडा सुमारे ९५ भाग ए किरणांचा असतो. हे सौम्य वाटतात, परंतु खोलवर जातात, कातडीचा ताणा सैल करतात व तिला अकाली सुरकुत्या पाडतात. खिडकीच्या काचेतून बी किरण बहुतेक येत नाहीत, ए किरण मात्र येतात. काच लावून मोटार हाकणाऱ्या माणसाचा खिडकीकडचा गाल दुसऱ्या गालाहून अधिक रापलेला दिसतो, त्याचे मर्म यात आहे.

आता आपल्या मुलखातील सूर्याचा विचार करू. पृथ्वीच्या कलण्यामुळे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या प्रत्येक गावी वर्षातून दोन दिवस सूर्य भर माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच लुप्त होते. कोल्हापुरास हा योग मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येतो, पुण्यास १३ मेच्या सुमारास, मुंबईस त्यानंतर दोनतीन दिवसांनी व नागपुरास २६ मेच्या सुमारास. आणि आपला नवतपा केव्हा लागतो? सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे २५ मेच्या आसपास! पूर्वजांनी ज्या नऊ दिवसांचा धसका घेतला, त्याच दिवसांत सूर्य आपल्या माथ्यावर उभा असतो. त्यांनी हे आकाशाकडे पाहून जाणले. आम्ही अंगणात काठी रोवून पडताळले. नागपुराकडे त्या दिवशी सुमारे बारा वाजून दहा मिनिटांनी सावली नाहीशी होते.

या काठीचा आणखी एक उपयोग आहे व तो प्रत्येकाने ध्यानी धरावा. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल, तर किरण तीव्र आहेत असे समजावे व आडोसा शोधावा. सावली उंचीहून लांब असेल, तर धोका कमी. यास घड्याळ लागत नाही व पैसाही लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस आपल्याकडे सकाळी सुमारे नऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत सावली उंचीहून आखूड असते. येथेच बरेच लोक चुकतात. हवेचा ताप दुपारी तीन-चार वाजता शिगेस पोहोचतो, म्हणून आपण ती वेळ टाळतो व सकाळी अकरा वाजता ‘अजून तापले नाही’ म्हणून बाजारास निघतो. परंतु त्या वेळी जंबुपार किरण जवळजवळ पूर्ण भरात असतात.

हवा थंड म्हणजे ऊन सौम्य, हाही तसाच भ्रम आहे. उन्हाळ्यात आपण मुलाबाळांसह चिखलदऱ्यास जातो. ते स्थान समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच. जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते व दर हजार मीटरांस हे किरण शेकडा दहाने तरी वाढतात. वारा गार लागतो, मुले दिवसभर उघडी हिंडतात आणि परत येतात ती नाकाडे सोलवटून! विरळ ढगांतूनही हे किरण बरेचसे पार होतात. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरण उलट फेकते. म्हणून नदीच्या वाळवंटात छत्री घेऊन बसलेल्यासही खालून ऊन लागते.

कॅनडा देशाने १९९२ साली या किरणांची तीव्रता आकड्यात सांगण्याची पद्धत काढली व पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही ती स्वीकारली. आकडा तीनपर्यंत गेला की काळजी घ्यावी, आठ म्हणजे अतितीव्र, अकरा व त्यावर म्हणजे पराकाष्ठा. मोबाइलवर हवामान पाहताना आपली मुले केवळ तपमान पाहतात. त्याच पानावर हा आकडा असतो. त्यांनी तोही घरच्यांस वाचून दाखवावा.

आता कातडीकडे वळू. कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी काही पेशी एक रंगद्रव्य तयार करतात. त्यास मेलॅनिन म्हणतात. गोऱ्या माणसात या पेशी कमी व काळ्यात जास्त, अशी आमची समजूत होती. डॉक्टरांनी ती खोटी ठरविली. पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. भेद असतो तो त्या किती व कोणत्या प्रकारचे रंगद्रव्य करतात यात. आणि हे द्रव्य करते काय? ते शेजारच्या पेशींत जाऊन त्यांच्या केंद्रावर छत्रीसारखे पसरते व किरण अडविते. बंधुभगिनींनो, आपण ज्यास सावळेपणा म्हणून नाक मुरडतो, ती निसर्गाने प्रत्येक पेशीच्या डोक्यावर धरलेली छत्री आहे! उन्हात गेल्यावर आपण काळवंडतो, याचा अर्थ कातडी मळली असा नव्हे; मार बसला म्हणून तिने आणखी छत्र्या उघडल्या असा आहे.

या देणगीमुळेच आपणांत कातडीचा कर्करोग गोऱ्या लोकांच्या मानाने पुष्कळ कमी आढळतो. परंतु कमी म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. सूर्यकिरण कर्करोगास कारण होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९२ सालीच जाहीर केले आहे. चेहऱ्यावर वा ओठावर महिनाभरात न भरणारी जखम, एकाएकी वाढणारा वा रंग बदलणारा तीळ दिसल्यास ‘उष्णतेचे आहे’ म्हणून स्वस्थ बसू नये. शिवाय गालांवरील वांग उन्हाने बळावतात. गरोदरपणी तर विशेषच. डोळ्यांच्या पांढऱ्यावर मांस वाढणे व मोतीबिंदू लवकर येणे यांतही या किरणांचा हात असतो. आपल्या सावळ्या कातडीवर करपणे लाल दिसत नाही. ती गरम होते, चुणचुणते, खाजते, दुखते व मग काळी पडून सोलवटते. लाल दिसले नाही म्हणून भाजले नाही, असे मानू नये.

जिथे ही छत्रीच नसते, तिथे काय होत असेल? ज्यांस कोड आहे त्यांच्या पांढऱ्या डागांत हे द्रव्य नसते व ते डाग उन्हात लौकर भाजतात. अशा माणसांस सावलीची व कपड्याची गरज सर्वांहून अधिक. परंतु आपण त्यांस देतो काय? तर आडून कुजबुज! कोड हा महारोग नव्हे, तो स्पर्शाने पसरत नाही, त्यावर उपचार आहेत. आपल्या ज्ञातीत अशी घरे नाहीत काय? आहेत, आणि सोयरिकीच्या भीतीने ती डॉक्टरकडेही चोरून जातात. एवढे सांगून आम्ही पुढे जातो.

उपायांत पहिला मान सावलीचा, दुसरा वस्त्राचा. वस्त्राविषयी बोलताना आम्हांस अभिमान वाटतो, कारण आपण विणकरांची लेकरे आहोत. आमचे आजोबा मागावर बसत. फणीतून ताणा किती दाट ओढला व बाणा किती ठोकून बसविला, यावर कापडाची किंमत ठरे. आज शास्त्रज्ञ कापडाची जी परीक्षा करतात, ती मुळात हीच आहे. सूत कितीही चांगले असो, दोन धाग्यांमधील भोकांतून ऊन आत येते. पातळ, झिरझिरीत पांढऱ्या सुती सदऱ्यातून सुमारे एक षष्ठांश किरण आत शिरतात. जाड, दाट विणीच्या गडद कापडातून पन्नासांशही शिरत नाहीत. कापड उजेडासमोर धरावे. पलीकडची वस्तू स्पष्ट दिसली, तर ऊनही पलीकडून स्पष्ट येणार!

याखेरीज चार गोष्टी जाणत्या विणकराच्या घरी सहज पटतील. पहिली, कोरे, न धुपवलेले सुती कापड धुपवून पांढरेशुभ्र केलेल्या कापडाहून ऊन चांगले अडविते, कारण कापसाच्या अंगची मूळ द्रव्ये त्यात शिल्लक असतात. आजोबांचा पिवळसर मांजरपाट दिसण्यात गबाळा खरा, पण कामात चोख! दुसरी, नव्या सुती कापडास पहिल्या धुण्यांत आटण येते, धागे जवळ येतात व भोके बुजतात. तिसरी, कापड ओले झाले वा अंगास ताणून बसले, की त्याची अडविण्याची शक्ती घटते. चौथी, गडद रंग किरण अधिक शोषतो. गडद कपड्याने उकडते हे खरे. म्हणून तो सैल शिवावा, म्हणजे आत हवा खेळते.

शेतात निंदणास वा कापूस वेचण्यास जाणाऱ्या आपल्या भगिनी लुगड्यावर घरधन्याचा जुना, पुऱ्या बाह्यांचा सदरा चढवितात. शहरातील लोक त्यास हसतात. आम्ही म्हणतो, यांच्याइतका शास्त्रशुद्ध पोशाख दुसरा नाही. गाडीवरून जाणाऱ्या मुली डोक्याचेहऱ्यास दुपट्टा गुंडाळतात, तेही योग्यच. फक्त तो झिरझिरीत नसावा, सुती व दाट असावा. पुरुषांची टोपी मात्र कपाळापुढे सरत नाही. नाक, कान व मान उघडीच राहतात. तेव्हा डोक्यावर शेला घ्यावा व त्याचा पदर मानेवर सोडावा, अथवा चोहोकडून तीन इंच काठ असलेली हॅट वापरण्यास लाजू नये. चष्मा घ्यावा तो जंबुपार किरण अडविणारा. नुसत्या काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते व किरण अधिकच आत जातात. म्हणजे उपायच अपाय!

जो भाग वस्त्राने झाकत नाही, त्यासाठी ऊनरोधक लेप. त्यावर जो आकडा छापतात, तो बी किरण किती अडतात याचे माप होय. पंधराचा लेप शेकडा सुमारे ९३ किरण अडवितो, तीसचा ९७ व पन्नासचा ९८. म्हणजे आकडा दुप्पट झाला तरी लाभ दुप्पट होत नाही. तीसचा पुष्कळ झाला. त्यावर ‘पीए’ व अधिकाची चिन्हे असावीत. ती ए किरणांसाठी. परंतु खरी मेख निराळीच आहे. हा आकडा लेप जाडसर लावला तरच खरा. चेहरा व मान यांस दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढावी इतका लेप लागतो. आपण लावतो वाटाण्याएवढा! घराबाहेर पडण्यापूर्वी वीस-पंचवीस मिनिटे लावावा व उन्हात असेतो दर दोन तासांनी पुन्हा लावावा, कारण घामाने तो वाहून जातो. डबी गाडीच्या डिकीत तापत ठेवू नये. सहा महिन्यांखालील मुलांस लेप लावूच नये; त्यांस सावलीत ठेवावे. हा लेप महाग असतो व सर्वांस परवडणार नाही, हे आम्हांस कळते. ज्यास परवडत नाही त्याने खंत करू नये. दाट कापड, छत्री व सावली यांनी बहुतेक काम भागते.

घरगुती उपायांविषयी भगिनी विचारतील. डाळीचे पीठ, मुलतानी माती, चंदन, हळद ही अंगास थंडावा देतात, स्वच्छताही करतात. पण ती ऊन अडवीत नाहीत. खोबरेल तेलावर विसंबून भर उन्हात जाऊ नये. आणि लिंबाचा रस चोळून उन्हात जाणे तर फारच वाईट. त्यातील काही द्रव्ये उन्हाशी मिळून कातडी भाजतात व काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. काही औषधांनीही ऊन अधिक बाधते. म्हणून रक्तदाबाच्या वा जंतुनाशक गोळ्या सुरू झाल्यास डॉक्टरांस विचारून घ्यावे. कातडी करपलीच, तर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्या, कोरफडीचा गर चालेल, पाणी भरपूर प्यावे. बर्फ घासू नये, दंतमंजन लावू नये, फोड फोडू नये. ताप अथवा मोठे फोड आल्यास दवाखाना गाठावा.

आता नाण्याची दुसरी बाजू. सूर्य हा शत्रू नव्हे. डेन्मार्कच्या फिन्सेन या वैद्याने प्रकाशकिरणांनी कातडीचा क्षय बरा केला, म्हणून त्यास १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोडावरही डॉक्टर मोजूनमापून याच किरणांचे उपचार करतात. हाडांस लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व बी किरणांमुळेच कातडीत तयार होते व ते आपल्या लोकांत, विशेषतः घरात बसणाऱ्या स्त्रियांत व वृद्धांत, फार कमी आढळते. पहाटेच्या कोवळ्या उन्हात ते भरपूर मिळते असे म्हणतात, परंतु सूर्य खाली असता बी किरण फारच थोडे पोहोचतात. सावली साधारण आपल्या उंचीएवढी असता काही मिनिटे हातपाय उन्हात धरावे, मग आडोशास यावे, हा मध्यम मार्ग. सावळ्या कातडीस व म्हाताऱ्यांस वेळ थोडा अधिक लागतो. गोळ्या घेणे झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्या.

मुलांसंबंधी एक गोष्ट आम्हांस कबूल केली पाहिजे. बालपणी कातडी करपली तर तिचे परिणाम पुढे जन्मभर राहतात. आणि आम्ही काय केले? गृहपाठ न आणणाऱ्या मुलांस आम्ही मैदानात उन्हात उभे केले; एकदा नव्हे, अनेकदा. छडी मारली नाही म्हणून आम्ही स्वतःस दयाळू समजत होतो! त्यांतील काही आज येथे, या सभेत, आपापल्या मुलांना घेऊन बसले आहेत. त्यांची आम्ही क्षमा मागतो. आणि जे आज शिक्षक आहेत त्यांस विनवितो, कवायत सकाळी लवकर आटोपा, बक्षीससमारंभात मुलांस उन्हात व पाहुण्यांस मांडवात बसवू नका.

आता ते दुसरे कारण. आमच्या पुतणीची कन्या आमच्याच अंगाखांद्यावर वाढली. हुशार, कामसू, वर्ण सावळा. ती उपवर झाली तेव्हा आपल्या वधूवर सूचक कार्यालयाचा फॉर्म आम्ही स्वतःच्या हाताने भरला. त्यात ‘वर्ण’ असा रकाना आहे. आम्ही प्रथम ‘सावळा’ असे लिहिले, पण मन कचरले. ते खोडून आम्ही ‘गव्हाळ’ लिहिले. दोन स्थळे पाहून गेली. दोघांनी निरोप धाडला, मुलगी फॉर्मात लिहिल्याप्रमाणे नाही. पोरीने कोणास काही सांगितले नाही. शेजारणीच्या सल्ल्याने औषधांच्या दुकानातून चिठ्ठीवाचून एक मलम आणले व आठ महिने चेहऱ्यास लावले. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला. घरातील सर्वांनी कौतुक केले, आम्हीही केले. पुढे कातडी पातळ झाली, बारीक शिरा दिसू लागल्या, पुळ्या व लव आली. मलम थांबविले की आग होई, म्हणून ती पुन्हा लावी. त्या उन्हाळ्यात तिला दारातून पाऊल बाहेर टाकवेना. ऊन चेहऱ्यास निखाऱ्यासारखे लागे.

चर्मरोगतज्ज्ञांनी डबी पाहून सांगितले, यात तीव्र स्टेरॉइड आहे. अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असे बंधन केंद्र शासनाने २०१८ साली घातले आहे; तरी ती विकली जातात व आपण ती विकत घेतो. वर्षभर उपचार चालले. आता ती पुष्कळ बरी आहे, परंतु लाली गेली नाही व छत्रीवाचून तिला बाहेर पडता येत नाही. निसर्गाने दिलेली छत्री आम्ही तिच्या हातून काढून घेतली व बाजारची छत्री तिच्या हाती दिली! एके दिवशी तिने शांतपणे विचारले, “आजोबा, फॉर्मातला तो शब्द तुम्हीच खोडलात ना?” आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. आजचे हे भाषण म्हणजे तेच उत्तर आहे असे आपण समजावे. ही हकीकत तिच्या संमतीने सांगत आहोत. “नाव सांगू नका, पण गोष्ट सांगा,” असे ती म्हणाली.

म्हणून या सभेपुढे आम्ही एक नम्र सूचना मांडतो. आपल्या वधूवर सूचक फॉर्मातील ‘वर्ण’ हा रकाना कायमचा काढून टाकावा. कोणी म्हणतील, रकाना काढल्याने आवड बदलेल काय? एकदम नाही बदलणार, हे आम्ही जाणतो. परंतु मंडळाने छापलेला रकाना म्हणजे मंडळाची त्या गोष्टीस मान्यता. १९७५ साली बाजारात आलेल्या एका प्रसिद्ध मलमाने २०२० साली आपल्या नावातून ‘गोरे’ हा शब्द काढून टाकला. पैसा मिळविण्यास बसलेला व्यापारी जर तो शब्द सोडू शकतो, तर समाजोन्नतीसाठी स्थापन झालेल्या आपल्या मंडळाने तो का धरून ठेवावा?

आणखी दोन लहान सूचना. मंडळाच्या आरोग्य शिबिरात दरवर्षी चर्मरोगतज्ज्ञांस अवश्य बोलवावे व कोड असलेल्या मंडळींची तपासणी इतरांबरोबर, उघडपणे, सन्मानाने व्हावी. तसेच आपल्यापैकी ज्यांच्या घरी अद्याप माग चालतो, त्यांजकडून दाट विणीचे सुती शेले विणवून घेऊन ते शेतावर व रस्त्यावर राबणाऱ्या ज्ञातिबांधवांस द्यावे. पहिल्या पंचवीस शेल्यांचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ.

बंधुभगिनींनो, आपल्या वाडवडिलांनी दुसऱ्यांची अंगे झाकण्यासाठी आयुष्यभर धोटा फेकला. त्या विणकरांच्या घरी लेकीबाळींनी स्वतःच्या कातडीची लाज बाळगावी, हे आपणांस शोभत नाही. उन्हापासून कातडी जपा. पण ती गोरी राहावी म्हणून नव्हे, ती निरोगी राहावी म्हणून जपा.

 काही उणे-अधिक बोललो असल्यास वयाकडे पाहून क्षमा करावी. फॉर्मासंबंधीची सूचना मात्र वयाकडे पाहून सोडून देऊ नये. ती अध्यक्षमहाशयांनी कार्यकारी मंडळाच्या पुढील सभेत ठेवावी, अशी विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवितो.